झाडावरचा पक्षी इंग्रजीत झाडात कसा जातो?

मराठीत पक्षी झाडावर बसतो. इंग्रजीत तो झाडात बसतो: ‘द बर्ड इज इन द ट्री’. त्याच झाडाला लागलेलं फळ मात्र इंग्रजीत झाडावर असतं: ‘द फ्रूट इज ऑन द ट्री’. म्हणजे आपण ‘वर’ म्हणतो तिथे त्यांचं ‘इन’, आणि आपण ‘ला’ म्हणतो तिथे त्यांचं ‘ऑन’. ‘वर म्हणजे ऑन, त म्हणजे इन’ एवढं पाठ करून आलेला माणूस या एकाच झाडाखाली दोनदा चुकतो.

नियम ठाऊक नसतात म्हणून असं होतं, असं फार कमी वेळा असतं. शाळेपासून आपल्या मनात नकळत एक तक्ता तयार झालेला असतो. ‘त’ला ‘इन’, ‘वर’ला ‘ऑन’, ‘पर्यंत’ला ‘टिल’, ‘पासून’ला ‘सिन्स’. बोलताना आधी मराठी वाक्य उमटतं आणि मग प्रत्यय काढून तिथे तक्त्यातला शब्द बसतो. बऱ्याचदा ते जमूनही जातं. जमतं म्हणूनच तक्ता मोडावासा वाटत नाही.

पण एखादी वस्तू कुठे आहे हे सांगताना प्रत्येक भाषा मनात एक झटपट रेखाटन काढते, आणि दोन भाषांची रेखाटनं सारखी निघतीलच असं नाही. पक्ष्याच्या वाक्यात मराठीला फांदी दिसते: फांदीने पक्ष्याला पेललंय, म्हणून ‘वर’. इंग्रजीला दिसतो तो फांद्यापानांचा अख्खा घुमट, आणि पक्षी त्या घुमटाच्या आत. फळाच्या वाक्यात दोन्ही भाषांना देठ दिसतो, जोड दिसते. फक्त जोडीसाठी मराठी ‘ला’ वापरते आणि इंग्रजी ‘ऑन’.

हे फक्त या दोन भाषांपुरतं नाही. स्पॅनिशमध्ये पेटीत, टेबलावर आणि घरी या तिन्हींना एकच ‘एन’ पुरतो. जर्मनमध्ये टेबलावरच्या पुस्तकाला ‘आउफ’ लागतो आणि भिंतीवरच्या चित्राला ‘आन’, कारण एक वस्तू आडव्या पृष्ठभागावर टेकलेली आहे आणि दुसरी उभ्या पृष्ठभागाला लावलेली. आपलं ‘छताला पंखा’, ‘दाराला कुलूप’, ‘शर्टाला बटण’ हे त्या जर्मन ‘आन’च्या फार जवळचं आहे. इंग्रजीला हा फरक करायची गरजच वाटत नाही. पंखा ‘ऑन द सीलिंग’, कुलूप ‘ऑन द डोअर’, बटण ‘ऑन द शर्ट’, आणि पुस्तकही ‘ऑन द टेबल’.

यातून ‘ऑन’चा खरा अर्थ हाती लागतो. आपल्या ‘वर’मध्ये दिशा आहे, खाली आणि वर यातली. इंग्रजी ‘ऑन’मध्ये स्पर्श आहे. छताच्या खालच्या बाजूला उलटी चिकटलेली माशीसुद्धा ‘ऑन द सीलिंग’च असते. ती कशाच्याही वर नाही, पण टेकलेली आहे, आणि इंग्रजीला तेवढं पुरे.

दिशा सांगायची असेल तर इंग्रजी ‘ओव्हर’ किंवा ‘अबव्ह’ काढते. गंमत अशी की हा फरक मराठी लिहिताना आपण रोज करतो, फक्त लक्षात येत नाही. ‘टेबलावर दिवा’ म्हणजे दिवा टेबलाला टेकलाय: ‘ऑन’. ‘टेबलाच्या वर दिवा’ म्हणजे मध्ये हवा आहे: ‘ओव्हर’ किंवा ‘अबव्ह’. ‘वर’ नामाला चिकटला की बहुतेक वेळा ‘ऑन’, ‘च्या’ मध्ये घालून सुटा लिहिला की ‘ओव्हर’ नाहीतर ‘अबव्ह’. या दोघांत निवडताना एवढं पाहावं की मोजपट्टीवरची पातळी सांगायची असेल तर ‘अबव्ह’ बरा. एव्हरेस्टची २०२० साली जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर ‘अबव्ह सी लेव्हल’, तापमान ‘अबव्ह झीरो’. नुसती संख्या ओलांडायची असेल तर ‘ओव्हर’: ‘ओव्हर अ हंड्रेड पीपल’. पांघरलं, झाकलं, पलीकडे उडी मारली, तरीही ‘ओव्हर’. खालच्या बाजूला ‘बिलो’ आणि ‘अंडर’ यांचंही साधारण असंच वाटप आहे.

ॲटला मराठी शब्द नाही?

‘आपल्याकडे ॲटला शब्दच नाही, म्हणून तो जमत नाही’ ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. मला ती पटत नाही. शब्द एक नाही इतकंच, कारण आपल्याकडे चार आहेत. ‘दाराशी कोण आहे?’ यातला ‘शी’. ‘थांब्यापाशी भेटू’ यातला ‘पाशी’. ‘मी ऑफिसला आहे’ यातला ‘ला’. आणि ‘घरी’ मधला ‘ई’. शाळेच्या व्याकरणात ‘शी’ तृतीयेत, ‘ला’ द्वितीया-चतुर्थीत आणि ‘ई’ सप्तमीत असे वेगवेगळ्या खणांत ठेवलेले असतात, म्हणून ते एका कामाचे वाटत नाहीत. पण हे वापर शेजारी शेजारी ठेवा: दाराशी, खिडकीशी, फाटकापाशी, थांब्यापाशी, ऑफिसला, घरी. ‘ॲट द डोअर’, ‘ॲट द विंडो’, ‘ॲट द गेट’, ‘ॲट द बस स्टॉप’, ‘ॲट द ऑफिस’, ‘ॲट होम’. एकही निसटत नाही.

‘ॲट’ जागेला नकाशावरच्या ठिपक्याइतकं छोटं करतो. ठिपक्याला आत-बाहेर नसतं, वर-खाली नसतं. माणूस स्टेशनच्या इमारतीत आहे, फलाटावर आहे की बाहेर पायरीवर टेकलाय याच्याशी बोलणाऱ्याला देणंघेणं नसतं. तो ‘ॲट द स्टेशन’ आहे. आतलं आवार महत्त्वाचं झालं की लगेच ‘इन’ येतो. पाऊस पडतोय आणि सगळे स्टेशनात आडोशाला गेलेत: ‘इन द स्टेशन’. म्हणून ‘स्टेशनला ॲट लागतो की इन?’ हा प्रश्नच अर्धा आहे. स्टेशनला दोन्ही लागतात. तुम्ही काय सांगताय त्यावर ते ठरतं.

कधी कधी या निवडीने समोरच्याच्या काळजाचा ठोका चुकतो. ‘शी इज ॲट द हॉस्पिटल’ म्हटलं तर ती कुणाला भेटायला गेली असेल, कामावर असेल. ‘शी इज इन द हॉस्पिटल’ म्हटलं की ती दाखल झाली असणार असाच पहिला समज होतो. ब्रिटनमध्ये त्यातला ‘द’ही काढून टाकतात आणि ‘इन हॉस्पिटल’ म्हणतात. मराठीतही ‘ती हॉस्पिटलला गेली आहे’ आणि ‘ती हॉस्पिटलमध्ये आहे’ यांतलं दुसरं वाक्य ऐकून आपण आधी ‘काय झालं?’ विचारतो. म्हणजे हा कान आपल्याला आहेच.

टेबलाचंही तसंच. ‘ॲट द डेस्क’ म्हणजे काम करत बसलेला, ‘ऑन द डेस्क’ म्हणजे वर चढून बसलेला. ईमेलमध्ये ‘आय ॲम ऑन माय डेस्क’ लिहिणारे खूप भेटतात, आणि ते मला दर वेळी पाय हलवत टेबलावर बसलेले दिसतात.

रेषा हा ‘ऑन’चा दुसरा प्रांत. पृष्ठभागासारखीच रेषाही ‘ऑन’ला चालते: सीमा, किनारा, नदी, रस्ता. लंडन ‘ऑन द थेम्स’ आहे. मराठी डोक्याला यात पाण्यावर तरंगणारं शहर दिसतं, कारण आपण ‘काठावर’ म्हणतो आणि काठ हा शब्द गाळायची सोय आपल्याकडे फारशी नाही. इंग्रजीला नदी ही नकाशावरची रेघ आहे आणि शहर त्या रेघेला टेकलंय. ‘न्यूकासल अपॉन टाइन’, ‘स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन’ या गावांच्या तर नावातच हे चित्र आहे. टाइन आणि एव्हन या नद्या.

पत्त्यात हे तिघे एकामागोमाग येतात. क्रमांकासह नेमकी इमारत सांगितली की ‘ॲट’: ‘ॲट टेन डाउनिंग स्ट्रीट’. शहर आलं की ‘इन’: ‘इन लंडन’. मधल्या रस्त्यावर मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांचंच एकमत नाही. ब्रिटिश माणूस दोन्हीकडच्या घरांसह रस्त्याला एक लांबट आवार समजतो आणि ‘इन डाउनिंग स्ट्रीट’ म्हणतो. अमेरिकन माणसाला रस्ता रेघच वाटतो, म्हणून व्हाइट हाउस ‘ऑन पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यू’. शाळेत शिकवतात तो ‘छोट्या जागेला ॲट, मोठ्या जागेला इन’ हा नियम इथवर कामाला येतो, त्यापुढे तो दगा देतो. कपाटातला खण केवढासा, पण मोजे ‘इन द ड्रॉवर’च असतात. विमानतळ अवाढव्य, पण माणूस ‘ॲट द एअरपोर्ट’. आकाराने काही ठरत नाही.

कोपरा सोपा आहे, कारण तिथे मराठी आणि इंग्रजी एकत्र चालतात. खोलीच्या कोपऱ्यात: ‘इन द कॉर्नर’. रस्त्याच्या कोपऱ्यावर: ‘ऑन द कॉर्नर’ किंवा ‘ॲट द कॉर्नर’. एक कोपरा आपल्याला कवेत घेतो, दुसऱ्याला वळसा घालून आपण पुढे जातो.

वाहनांनी मात्र सगळ्यांना छळलंय. ‘इन द कार’, ‘इन अ टॅक्सी’, पण ‘ऑन द बस’, ‘ऑन द ट्रेन’, ‘ऑन द प्लेन’, ‘ऑन अ शिप’. मराठीत ही सगळी ‘मध्ये’ किंवा ‘त’. मी वापरतो ती खूण अशी: आत उभं राहून चार पावलं टाकता येतात का? येत असतील तर ‘ऑन’. जहाजाच्या डेकवर उभं असल्याची कल्पना करा आणि बस, रेल्वे, विमान यांना त्या डेकची भावंडं समजा. मोटारीत कमरेत वाकून शिरावं लागतं, म्हणून ती खोकं, म्हणून ‘इन’. छोट्या होडीलाही ‘इन अ बोट’. ज्यावर टांग टाकून बसतो ती सायकल, मोटरसायकल, घोडा ही ‘ऑन’, आणि तिथे मराठीही ‘वर’च म्हणते.

पलंगाचा एक बारकावा कामाचा आहे. ‘ऑन द बेड’ म्हणजे पलंगावर नुसतं बसलेलं किंवा आडवं झालेलं. ‘इन बेड’ म्हणजे पांघरुणात शिरलेलं, झोपायच्या बेतात. आपलं ‘अंथरुणात’ आणि ‘अंथरुणावर’ हेच सांगतं.

‘समोर’ हा आपला शब्द इंग्रजीत दोन ठिकाणी फुटतो. रस्त्यापलीकडे, तोंडाला तोंड करून असेल ते ‘अपोझिट’. पुढ्यात, अलीकडच्याच बाजूला असेल ते ‘इन फ्रंट ऑफ’. घराच्या ‘अपोझिट’ उभी केलेली गाडी पलीकडच्या कडेला असते. ‘इन फ्रंट ऑफ’ उभी केलेली तुमच्या फाटकापाशी. ‘बिट्वीन दोघांत, अमंग अनेकांत’ हेही अर्धसत्य. वेगवेगळी ओळखू येणारी, नाव घेऊन सांगता येणारी असली तर ती पाच असली तरी ‘बिट्वीन’ चालतं: स्वित्झर्लंड जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया आणि लिश्टेनस्टाइन यांच्या ‘बिट्वीन’ आहे. गर्दीत विरघळलेलं असेल तर ‘अमंग’.

चंद्रावर उतरलेल्या एका यानाची वेळ

वेळेसाठी इंग्रजीने वेगळे शब्द घडवले नाहीत. जागेचेच तिघे उचलून वेळेला लावले, आणि चित्रही तेच ठेवलं: ठिपका, रेघ किंवा पृष्ठभाग, आवार. अपोलो ११ चं उतरणं घेऊ. माणूस चंद्रावर उतरला ‘इन १९६९’, ‘इन जुलै’, ‘ऑन ट्वेंटिएथ जुलै’, ‘ॲट २०:१७’, जागतिक प्रमाणवेळेनुसार. वर्ष आणि महिना ही आवारं, त्यांत पुष्कळ दिवस मावतात. तारीख म्हणजे कॅलेंडरचं एक पान, त्यावर घटना टेकते. घड्याळातली वेळ म्हणजे ठिपका. जागेच्या बाबतीतही त्या दिवशी तिघे हजर होते. मायकल कॉलिन्स ‘इन ऑर्बिट’ फिरत होता. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन ‘इन द लूनर मॉड्यूल’ होते आणि त्याच वेळी ‘ऑन द मून’ही होते. उतरल्या जागेला नाव मिळालं ट्रँक्विलिटी बेस, म्हणून ते ‘ॲट ट्रँक्विलिटी बेस’ही होते. एकाच माणसाला एकाच क्षणी तिन्ही शब्द लागू पडतात, आणि तिन्ही बरोबर असतात.

आता हेच मराठीत म्हणून पाहा. आठ वाजता. वीस तारखेला, रविवारी. जुलैत, १९६९ साली. मराठीही घड्याळाला वेगळं, दिवसाला वेगळं आणि महिन्याला वेगळं वागवते. ‘वाजता’ ऐकलं की ‘ॲट’, ‘तारखेला’ किंवा ‘वारी’ ऐकलं की ‘ऑन’, ‘महिन्यात’ किंवा ‘साली’ ऐकलं की ‘इन’. या एका जागी तो जुना तक्ता खरोखर चांगला चालतो.

दिवसाच्या प्रहरांवर आला की तो कोसळतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री: आपल्याकडे चौघांनाही ‘ई’. इंग्रजीत पहिल्या तिघांना ‘इन’ आणि चौथीला ‘ॲट’: ‘इन द मॉर्निंग’, ‘इन दि आफ्टरनून’, ‘इन दि ईव्हनिंग’, पण ‘ॲट नाइट’. बरोबर मध्यान्हीलाही ‘ॲट नून’, पण तो ठिपकाच असल्यामुळे तिथे तक्रार नाही. रात्रीचं कारण विचारणाऱ्याला मी सरळ ‘रूढी’ म्हणून सांगतो. ओढूनताणून दिलेलं स्पष्टीकरण लक्षात राहत नाही, ‘ॲट नाइट’ हा जोड राहतो. ‘इन द नाइट’ही ऐकू येतं, तेव्हा रात्रीत मध्येच कधीतरी असं म्हणायचं असतं: रात्री जाग आली, आवाज आला.

प्रहराला दिवस जोडला की मात्र दिवस सगळं ठरवतो आणि ‘ऑन’ परत येतो. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा जागतिक प्रमाणवेळ होती २१ जुलैची २:५६, पण मोहिमेचं नियंत्रण केंद्र होतं त्या अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये वीस तारखेच्या रात्रीचे ९:५६ झाले होते. म्हणजे ह्यूस्टनकरांसाठी ‘ऑन द नाइट ऑफ ट्वेंटिएथ जुलै’. नुसती रात्र ‘ॲट’, तारीख लागलेली रात्र ‘ऑन’. सोमवारची सकाळ ‘ऑन मंडे मॉर्निंग’. ख्रिसमसचंही तेच: सणाचे सगळे दिवस मिळून ‘ॲट ख्रिसमस’, नेमका पंचवीस डिसेंबर ‘ऑन ख्रिसमस डे’.

शनिवार-रविवारला ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. दोन्ही बरोबर. एका लेखात एकच वापरा म्हणजे झालं. आणि हे शब्द दगडावर कोरलेले नाहीत हेही लक्षात असू द्यावं. जुन्या इंग्रजीत ‘ऑन’चा पसारा आजच्याहून मोठा होता, आज ‘इन’ लागतो अशा कित्येक जागी तेव्हा ‘ऑन’ चाले. ‘अलाइव्ह’ हा मुळात ‘ऑन लाइफ’ आहे आणि ‘अस्लीप’ हा ‘ऑन स्लीप’. त्या ‘ऑन’चा झिजून नुसता ‘अ’ उरला.

एकच ‘पर्यंत’

माझ्या मते मराठी माणसाची सर्वांत महाग चूक ‘ॲट-ऑन-इन’मध्ये होत नाही. तिथे चुकलं तरी समोरच्याला अर्थ कळतो. महाग चूक ‘पर्यंत’मध्ये होते, कारण तिथे अर्थच बदलतो.

‘पाच वाजेपर्यंत ये.’ ‘पाच वाजेपर्यंत थांब.’ आपल्या कानाला दोन्हींत एकच ‘पर्यंत’. इंग्रजीत पहिलं ‘कम बाय फाइव्ह’ आणि दुसरं ‘वेट अनटिल फाइव्ह’. ‘येणं’ एकदाच घडतं. पाच ही त्याची शेवटची मुदत. ‘थांबणं’ सतत चालू राहतं; पाच हा त्याचा शेवट. मराठीने हा फरक क्रियापदावर सोपवला आहे. ‘ये’ आणि ‘थांब’ यांतूनच तो कळतो, म्हणून ‘पर्यंत’ला दोन रूपं करावी लागली नाहीत. इंग्रजीने तो प्रिपोझिशनवर, म्हणजे ‘बाय’, ‘अनटिल’ अशा नामाआधीच्या छोट्या शब्दावर टाकला.

म्हणून कचेरीतल्या ईमेलमध्ये ‘प्लीज सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ हे वाक्य गोंधळ घालतं. वाचणाऱ्याला त्यातून ‘शुक्रवार उजाडेपर्यंत अहवाल पाठवत राहा’ असं काहीतरी वाचावं लागतं. हवं होतं ‘बाय फ्रायडे’. त्याहून धोक्याचं वाक्य हे: ‘आय विल बी इन दि ऑफिस बाय फाइव्ह’. याचा अर्थ मी पाचपर्यंत पोचेन. ‘आय विल बी इन दि ऑफिस अनटिल फाइव्ह’ म्हणजे मी पाचपर्यंत असेन, नंतर नाही. मराठीत ‘पोचेन’ आणि ‘असेन’ ही क्रियापदं वेगळी आहेत. इंग्रजीत दोन्हीकडे तेच ‘बी’, त्यामुळे सगळा भार त्या छोट्या शब्दावर येतो. चुकीचा शब्द पडला तर भेटायला येणारा तुम्ही निघून गेल्यावर येईल.

ओळखायची युक्ती मराठीतच आहे. ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून पाहा. ‘पाचच्या आत ये’ हे बरोबर वाटतं, म्हणून ‘बाय’. ‘पाचच्या आत थांब’ हे काहीच्या काही वाटतं, म्हणून ‘अनटिल’. नकार आला की मात्र युक्ती चालत नाही: ‘पाचपर्यंत येऊ नको’ यात ‘पाचच्या आत येऊ नको’ म्हणता येतं खरं, पण ‘न येणं’ ही स्थिती पाचपर्यंत चालू आहे, म्हणून ‘डोन्ट कम अनटिल फाइव्ह’. हा एक अपवाद लक्षात ठेवावा, बाकी युक्ती क्वचितच फसते. ‘टिल’ हा ‘अनटिल’चा संक्षेप आहे असा समज आहे, तो उलटा आहे, ‘टिल’ जुना, ‘अनटिल’ मागाहूनचा. अर्थ एकच.

‘बाय फ्रायडे’त शुक्रवार धरलेला असतो, ‘बिफोर फ्रायडे’त गुरुवारीच काम संपलं पाहिजे. आणि जागेच्या ‘पर्यंत’ला या दोघांपैकी कुणीच चालत नाही. स्टेशनपर्यंत चालत गेलो हे ‘आय वॉक्ड टु द स्टेशन’ किंवा तिथवरच गेलो हे ठासून सांगायचं असेल तर ‘ॲज फार ॲज द स्टेशन’.

‘पासून’चं दुखणं याच्या शेजारचं. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ ही दोन्ही रूपं आपण बिनदिक्कत वापरतो. इंग्रजीत ‘सिन्स’ला सुरुवातीचा ठिपका लागतो आणि ‘फॉर’ला मोजलेली लांबी. ‘सिन्स मंडे’, ‘फॉर थ्री डेज’. ‘सिन्स थ्री डेज’ यात ठिपक्याच्या जागी लांबी आली आहे. शंका आली की ‘पासून’ गाळून वाक्य म्हणा: ‘मी तीन दिवस आजारी आहे’ चालतं, तर ‘फॉर’. ‘मी सोमवार आजारी आहे’ चालत नाही, तर ‘सिन्स’. क्रियापदाकडेही पाहावं लागतं. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ हा आपला साधा वर्तमानकाळ, पण इंग्रजी तिथे ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणते. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ या वाक्यात म्हणूनच एक सोडून दोन गाठी आहेत, आणि एक सोडवली तरी दुसरी राहते.

‘ड्यूरिंग’ला लांबीचा आकडा चालत नाही, घटनेचं नाव लागतं. ‘ड्यूरिंग द मीटिंग’ बरोबर, ‘ड्यूरिंग थ्री अवर्स’ चूक, तिथे ‘फॉर’. एक प्रश्न ‘कधी’चा, दुसरा ‘किती वेळ’चा.

आता ‘तासांत’ आणि ‘तासांनी’. ‘दोन तासांत येतो’ म्हणजे दोन तास पुरे व्हायच्या आत. ‘दोन तासांनी येतो’ म्हणजे दोन तास उलटल्यावर. भविष्याबद्दल बोलताना इंग्रजी ‘इन टू अवर्स’ हा आपल्या ‘तासांनी’चा जोडीदार आहे. ‘इन’ दिसला की ‘त’ आठवतो आणि इथेच पाय घसरतो. ‘तासांत’साठी इंग्रजीत ‘विदिन टू अवर्स’. याच कारणाने आपण ‘आय विल कॉल यू आफ्टर टेन मिनिट्स’ म्हणतो, आणि त्यावर कुणी हसत नाही, पण इंग्रजी ज्यांची घरची आहे ते आत्तापासून मोजताना ‘इन टेन मिनिट्स’च म्हणतात. ‘आफ्टर’ त्यांना एखाद्या घटनेमागून येणारा लागतो: ‘आफ्टर द मीटिंग’. आणि काम किती वेळात उरकलं हे सांगताना पुन्हा तोच ‘इन’ ‘तासांत’च्या अर्थाने येतो: ‘शी फिनिश्ड इट इन टू अवर्स’. त्यामुळे आधी क्रियापदाकडे पाहा: काम चालू आहे आणि संपलं, तर ‘तासांत’, काही तरी सुरू व्हायचंय किंवा घडायचंय, तर ‘तासांनी’.

‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळी, ‘इन टाइम’ म्हणजे उशीर व्हायच्या आत, हाताशी थोडा वेळ राखून. ‘ॲट दि एन्ड’ला पुढे ‘ऑफ’ लागतो, कशाच्या शेवटी ते सांगावं लागतं: ‘ॲट दि एन्ड ऑफ द मीटिंग’. ‘इन दि एन्ड’ म्हणजे आपलं ‘अखेर’, बऱ्याच घालमेलीनंतरचं.

उरल्या त्या रिकाम्या जागा. मराठीत ‘पुढच्या सोमवारी’, ‘गेल्या वर्षी’, ‘या महिन्यात’, ‘दर रविवारी’ या प्रत्येकाला प्रत्यय आहे, म्हणून इंग्रजीतही काहीतरी हवंच असं हाताला वाटतं आणि ‘ऑन नेक्स्ट मंडे’, ‘इन लास्ट इयर’ लिहून होतं. ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांतला एखादा आला की त्याच्या आधी कोणतंच प्रिपोझिशन लागत नाही. ‘रीच’लाही लागत नाही, ‘अराइव्ह’ला लागतं, शहर असेल तर ‘इन’, इमारत असेल तर ‘ॲट’, आणि ‘टु’ कधीच नाही. घरी जातो म्हणताना तर आपल्या ‘ई’ला इंग्रजीत जागाच नसते: ‘आय ॲम गोइंग होम’.